खडकवासल्याचा ‘दुर्मिळ पाहुणा’ : बातमी किती, पुरावा किती?

थंडी पडू लागली की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी येते. खडकवासल्याच्या जलाशयावर किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी एखादा ‘दुर्मिळ पाहुणा’ अवतरलेला असतो. सोबत त्याचे छायाचित्र असते. पक्षी ‘हजारो किलोमीटरचा प्रवास करून’ आलेला असतो, ‘या परिसरात प्रथमच’ दिसलेला असतो आणि त्याला पाहायला ‘पक्षिप्रेमींची झुंबड’ उडालेली असते. शाळेच्या फलकावर ही कात्रणे आपण हौसेने लावतो. आम्हीही लावली आहेत. मुले थांबून वाचतात, हे चांगलेच आहे.

पण विज्ञानाची बातमी म्हणून हे लेखन तपासायचे ठरवले तर ते कितपत टिकते? या लेखात आम्ही तेच करणार आहोत. आमचा रोख एखाद्या वर्तमानपत्रावर किंवा एखाद्या निरीक्षकावर नाही. या बातम्यांचा जो साचा बनून गेला आहे, त्यावर आहे. पहाटे साडेपाचला दुर्बीण घेऊन धरणावर जाणाऱ्यांबद्दल आम्हाला आदरच आहे. त्यांच्या कष्टांचे चीज व्हायचे असेल, तर हा साचा मोडला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

‘प्रथमच’ म्हणजे काय?

पहिला आक्षेप ‘प्रथमच’ या शब्दाला. पक्षी प्रथमच आला आणि पक्षी प्रथमच नोंदवला गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत दुसरी गोष्ट माहीत असते आणि पहिली छापली जाते.

पुणे परिसरातील पक्ष्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी कर्नल विल्यम साइक्स यांची. मुंबई सरकारच्या नोकरीत असताना ते दख्खनभर हिंडले आणि १८३२ मध्ये त्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीत दोनशेहून अधिक पक्षी आहेत. आता लक्षात घ्या, साइक्स हिंडत होते तेव्हा खडकवासल्याला जलाशयच नव्हता. मुठा नदी होती, पण धरणाचे काम सुरू व्हायला आणखी सुमारे चाळीस वर्षे होती. १८७० च्या दशकात धरण उभे राहिले आणि नदीच्या जागी विस्तीर्ण पाणी आले. इंग्रज त्याला ‘लेक फाइफ’ म्हणत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि ते पुन्हा बांधावे लागले. आज वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत. त्यांतून पाणी कधी आणि किती सोडतात, यावर खडकवासल्याचा काठ कधी बुडणार आणि चिखल कधी उघडा पडणार, हे ठरते. तुतवार, धोबी, शेकाट्या यांचे सारे जीवन त्या उघड्या चिखलावर अवलंबून असते.

तेव्हा ‘नेहमीचा प्रदेश’ ही दगडावरची रेघ नव्हे. भीमेवर उजनीचे धरण झाले, त्याचे पाणी भिगवणपर्यंत पसरले आणि आज रोहित पक्षी पाहायला लोक तिथेच जातात. धरण होण्यापूर्वीच्या नकाशावर त्या जागी रोहिताचे चिन्ह का नव्हते, हा प्रश्न निरर्थक ठरेल. पुस्तकातला नकाशा आजवर कोण कुठे गेले आणि त्यांनी काय लिहून ठेवले, एवढेच सांगतो. जिथे कोणी गेलेच नाही, तिथला कोरा कागद म्हणजे पक्ष्याचा अभाव नव्हे.

हजार कुरवांचे गणित

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. बातमीत पक्ष्याचे नाव असते, पण तो तोच पक्षी कशावरून, हे जवळजवळ कधीच नसते. ‘जाणकारांनी ओळख पटवली’ एवढ्यावर काम भागते. जाणकार प्रामाणिक असतात, अनुभवीही असतात. मग शंका का घ्यायची? याचे उत्तर सातवी-आठवीच्या गणितात आहे.

समजा, एका निरीक्षकाची ओळख शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर येते. हे कौशल्य फार मोठे झाले. समजा, हिवाळाभरात त्याने एक हजार कुरव पाहिले. त्यांतील ९९९ नेहमीच्या जातीचे आणि एकच खरोखर दुर्मिळ जातीचा. शंभरात एक या हिशेबाने नेहमीच्या ९९९ पैकी सुमारे दहा कुरव त्याला चुकून दुर्मिळ वाटतील. खरा दुर्मिळ कुरवही तो बहुधा ओळखेल. म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी त्याच्या वहीत ‘दुर्मिळ कुरव’ अशा अकरा नोंदी असतील आणि त्यांपैकी खरी असेल एक!

हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांतून निघणारा नियम सर्वत्र लागू आहे. निरीक्षक तोच, त्याचे कौशल्य तेच. तरीही ‘साळुंकी पाहिली’ हे त्याचे वाक्य जवळजवळ निश्चित खरे असते आणि ‘इथे कधीच न दिसणारा पक्षी पाहिला’ हे वाक्य बहुधा चुकीचे असते. गोष्ट जितकी दुर्मिळ, तितका पुरावा भक्कम हवा, असे शास्त्रज्ञ म्हणतात ते याच कारणाने. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. डॉक्टर दुर्मिळ रोगाचे निदान करताना चाचणी पुन्हा करून घेतात, तेव्हा प्रयोगशाळेचा अपमान होत नाही.

आमच्यावरही ही वेळ आली होती. काही शिक्षक आणि दहा-बारा मुले घेऊन आम्ही जलाशयाच्या काठावर गेलो होतो. एक कुरव इतरांहून वेगळा दिसला. आमच्यात चर्चा झाली, पुस्तक उघडले गेले आणि दूरदेशीच्या एका कुरवाच्या चित्राशी त्याचे साम्य आम्हाला पाच मिनिटांत सापडले. आम्ही मुलांना नाव सांगूनही टाकले. परतताना नववीतल्या एका मुलीने तिची वही दाखवली. पुस्तक न उघडता तिने फक्त जे दिसले ते लिहिले होते : ‘डोळ्यामागे काळा ठिपका. पंखांची टोके काळी. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी.’

ती काळी पट्टी आम्हीही पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. अनेक कुरवांमध्ये शेपटीवरची अशी पट्टी हे पहिल्या वर्षाच्या पिल्लाचे लक्षण असते. आमचा ‘दुर्मिळ पाहुणा’ नेहमीच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पिल्लू होता. या जातीच्या प्रौढ पक्ष्याच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढरे ठिपके असतात. पिल्लाला ते नसतात, म्हणून आम्ही फसलो. त्यातच हिवाळ्यात प्रौढांचेही डोके तपकिरी राहत नाही. नावावर विसंबणारा तिथेही फसतो.

चूक कुठे झाली? पक्षी पाहण्याआधी आम्ही चित्र पाहिले आणि मग चित्रात होते तेवढेच पक्ष्यात शोधले. त्या मुलीने क्रम उलटा ठेवला होता.

एका खोट्या चिठ्ठीची किंमत

‘असेना का एखादी नोंद चुकीची, त्याने कोणाचे काय बिघडते?’ असे कोणी विचारील. याला उत्तर म्हणून महाराष्ट्रातलेच एक उदाहरण देतो. ते रानपिंगळ्याचे आहे.

आपल्या आंब्याच्या झाडावर दिसणाऱ्या पिंगळ्याचा हा जंगलातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, चोच आणि पंजे दणकट, आणि दिवसाही वावरणारा. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोदा भागात त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, एवढाच पुरावा शिल्लक राहिला.

त्यांच्या जोडीला एक नमुना होता १९१४ सालचा. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर गुजरातमधील तापीकाठचे मांडवी हे ठिकाण होते आणि नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन यांचे. हे गृहस्थ ब्रिटिश पक्षिशास्त्रातले मोठे प्रस्थ. त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? १९७० च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, तो व्यर्थ गेला. त्या काळातल्या शोधांपैकी काही या मांडवीच्या पत्त्यावर विसंबून होते.

पुढे माइनर्ट्झहेगन यांच्या संग्रहाबद्दल संशय बळावला. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी त्यांचे नमुने एकेक करून तपासले. प्रत्येक संग्राहकाची पक्ष्याचे कातडे भरून शिवण्याची एक पद्धत असते, जणू हस्ताक्षरच. ‘मांडवी’च्या रानपिंगळ्याची क्ष-किरण चित्रे काढली तेव्हा आत जुने हस्ताक्षर सापडले. तो डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी होता. कोणीतरी तो उसवला, पुन्हा भरला आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा सारा तपास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला.

आता यातला खरा धडा पाहा. चिठ्ठी खोटी असल्याचे कळल्यावर रासमुसेन यांनी मांडवी वगळली आणि फक्त खऱ्या नमुन्यांची ठिकाणे हातात घेतली. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या त्या ठिकाणी गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. खात्रीच्या शेवटच्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी! पक्षी तिथेच होता. खोट्या नोंदीमुळे आपली काही माणसे मात्र दुसरीकडे शोधत राहिली. जंगल वेगाने तुटत असण्याच्याच त्या वर्षांत तो पक्षी आपल्या संरक्षणाच्या कोणत्याही हिशेबात नव्हता.

माइनर्ट्झहेगन यांनी फसवणूक केली. आमच्या कुरवात फसवणूक नव्हती, निव्वळ घाई होती. पण यादीत शिरलेल्या चुकीच्या ओळीला तिचा हेतू चिकटलेला नसतो. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

तानसाचा धडा

मग नकाशाबाहेरची नोंद मानायचीच नाही की काय? तसे मुळीच नाही. रानपिंगळ्याचेच उदाहरण पुढे नेऊ. १९९७ नंतर तो सातपुड्यात आणि मेळघाटात सापडत गेला आणि हा सातपुडा परिसरातला पक्षी, असे मानले जाऊ लागले. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाभोवतीचे हे जंगल. तिथे त्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. पण छायाचित्रे होती, त्यांत डोक्यावरचा ठिपक्यांचा अभाव आणि छातीवरचे पट्टे तपासता येत होते. इतर जाणकारांनी तिथे जाऊन खात्री केली. नकाशा बदलावा लागला. २०१८ मध्ये या पक्ष्याचा धोक्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवरून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ असा करण्यात आला, त्यामागे अशा नव्या ठिकाणांच्या नोंदी होत्या.

म्हणजे नकाशाबाहेरची खरी नोंद ही फार मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच ती इतरांना तपासता येईल अशी असली पाहिजे.

आला कुठून?

बातम्यांचा तिसरा दोष असा, की पक्षी इथे का आला याचे उत्तर एकतर नसते किंवा ‘वाट चुकून’ या दोन शब्दांत उरकलेले असते. वास्तविक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत रसाळ. किमान चार शक्यता समोर ठेवाव्या लागतात.

एक, वारा. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर खोल समुद्रातले पक्षी थकून पडलेले सापडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर येऊन पुण्याच्या दिशेने सरकले होते. अशा वादळानंतर घाटमाथ्यावरच्या जलाशयात सागरी पक्षी दिसला, तर आधी हवामानाचा तक्ता पाहावा.

दोन, पिंजरा. रंगीत, माणसाला न बुजणारा, शेपटीची पिसे झिजलेला पक्षी दिसला, तर तो पाळलेला आणि सुटलेला असू शकतो. पुण्यासारख्या शहराच्या सावलीत ही शक्यता कधीच नाकारता येत नाही.

तीन, बदललेला प्रदेश. उजनीच्या रोहिताचे उदाहरण वर दिलेच आहे.

चार, आणि ही आम्हाला सर्वांत आवडते : पक्षी नेहमीच जात होता, आपणच पाहत नव्हतो. अमूर ससाणा हा कबुतराएवढा शिकारी पक्षी पूर्व आशियात वीण करतो आणि हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण भागात घालवतो. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रे बसवली गेली. त्यांना नावे दिली होती नागा, वोखा आणि पांग्ती. भारतीय द्वीपकल्प ओलांडून ते थेट अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे गेल्याचे या यंत्रांमुळे कळले. लोणावळ्याच्या पठारांवर दिसणाऱ्या अमूर ससाण्यांना मग ‘वाट चुकलेले’ म्हणणे अवघड झाले. ते आपल्या वाटेवरच होते.

ज्याची बातमी होत नाही

शेवटचा आक्षेप या बातम्यांत काय नसते, त्याबद्दल आहे. २०२३ मध्ये ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला आहे. ज्या ३३८ जातींच्या दीर्घकालीन वाटचालीबद्दल पुरेशी माहिती होती, त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. घटणाऱ्यांत आपला चासही आहे : तारेवर बसलेला असता मळकट वाटणारा आणि उडाला की निळ्या पंखांनी डोळे दिपवणारा नीलपंख. त्याच्या धोक्याच्या दर्जाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस त्या अहवालात आहे.

चास कमी झाला ही बातमी कोणत्याही एका सकाळी घडत नाही, म्हणून ती छापलीही जात नाही. ती कळते तेव्हा, जेव्हा शेकडो लोकांनी वर्षानुवर्षे ‘आज चास दोन’, ‘आज चास नाही’ असे कंटाळवाणे वाटणारे आकडे लिहिलेले असतात. पुण्यात प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेच्या पाण्यावरच्या पक्ष्यांकडे नदीच्या प्रदूषणाच्या संदर्भात पाहिले, ते याच वृत्तीने. आणि गंमत अशी, की दुर्मिळ पक्ष्याची ओळखही या कंटाळवाण्या आकड्यांवरच उभी असते. ज्याने नेहमीचा कुरव पाचशे वेळा नीट पाहिला आहे, त्यालाच पाचशे एकावा वेगळा असल्याचे कळते. नेहमीचे काय, हे लिहिलेलेच नसेल, तर दुर्मिळ कशाला म्हणायचे?

वर्गात काय करता येईल?

पुढच्या वेळी ‘दुर्मिळ पाहुणा’ छापून आला, तर कात्रण फलकावर जरूर लावा. मात्र शेजारी एक कोरा कागद लावा आणि मुलांना बातमीत या प्रश्नांची उत्तरे शोधू द्या. पक्षी कोणत्या खुणांवरून ओळखला? त्याच्यासारखे दिसणारे दुसरे पक्षी कोणते आणि ते नव्हेत कशावरून? किती जणांनी, किती अंतरावरून, किती वेळ पाहिला? तो इथे येण्याच्या शक्यता कोणत्या? त्या दिवशी तिथे आणखी कोणते पक्षी होते? आमचा अनुभव असा, की पाचपैकी दोन उत्तरे मिळाली तरी ती बातमी चांगली म्हणायची.

दुसरे, तुमच्याच गावातल्या तळ्याचा, ओढ्याचा किंवा माळाचा एक तुकडा निवडा. दर रविवारी अर्धा तास, त्याच वाटेने, दिसेल तो पक्षी आणि संख्या लिहायची. कावळा, साळुंकी, बगळा सारे लिहायचे. काहीच दिसले नाही, तर तेही लिहायचे. आधी वही, मग पुस्तक, हा क्रम मोडायचा नाही. पक्ष्याच्या जवळ जाण्यासाठी पाठलाग करायचा नाही आणि आवाजाच्या ध्वनिफिती वाजवून त्याला बोलवायचे नाही. थकून आलेल्या पाहुण्याला आधी खायला आणि विसावायला हवे असते.

आणि एखाद्या मुलाने येऊन सांगितले, ‘बाई, पुस्तकात आपल्याकडे नसलेला पक्षी मी पाहिला’, तर ‘शक्यच नाही’ म्हणू नये. लगेच ‘शाबास’ही म्हणू नये. ‘काय काय दिसले, ते आधी सांग’ असे म्हणावे. आमच्या त्या मुलीला आम्ही हे वेळेवर विचारले असते, तर दहा-बारा मुलांना चुकीचे नाव सांगण्याची पाळी आमच्यावर आली नसती. पुढच्या रविवारी आम्ही सर्वांसमोर ते नाव खोडले आणि कोणाच्या वहीमुळे खोडले, तेही सांगितले.